किती वाजले, त्यावर भाव

संध्याकाळी मंडई उठायला लागली की मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते. सकाळी तीच मेथी, तोच भाजीवाला, पण भाव दुप्पट. यात कुणाला फसल्यासारखं वाटत नाही, कारण जुडी उद्यापर्यंत टिकणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

वीज मेथीपेक्षा कितीतरी नाशवंत आहे. ती तयार झाली त्याच क्षणी कुठेतरी वापरली जावी लागते. साठवायची तर बॅटरी लागते, किंवा पाणी उपसून डोंगरावर चढवावं लागतं, आणि त्याचा खर्च वेगळा. म्हणजे विजेचा भावही मंडईसारखा दिवसभर वरखाली व्हायला हवा. तो होतोही, पण घाऊक बाजारात. आपल्या घरी येणाऱ्या बिलाला मात्र शंभरेक वर्षं एकच गोष्ट कळत होती: किती युनिट जाळली. केव्हा जाळली, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आता ते बदलतंय. महाराष्ट्रात घरोघरी स्मार्ट मीटर बसताहेत, त्यावरून भांडणंही होताहेत, आणि बिलावर ‘टाइम ऑफ डे’ असे शब्द दिसू लागलेत. हे प्रकरण नवं वाटत असलं तरी त्याची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. विजेच्या धंद्याला वेळेचा हिशेब ज्या शहरानं शिकवला, त्याच शहरात शंभरेक वर्षांनी साध्या घरांना तासागणिक भावानं वीज मिळू लागली. ते शहर म्हणजे अमेरिकेतलं शिकागो. तिथे काय घडलं हे माहीत असलं, की आपल्या बिलाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

ब्रायटनमधले दिवे

सॅम्युअल इन्सल हा मूळचा लंडनचा. १८८१ साली, एकविसाव्या वर्षी, तो अमेरिकेत जाऊन थॉमस एडिसनचा खासगी सचिव झाला. १८९२ मध्ये तो ‘शिकागो एडिसन’ या कंपनीचा प्रमुख म्हणून शिकागोला आला. तेव्हा वीज ही श्रीमंतांची चैन होती. साधी माणसं रॉकेलवर किंवा गॅसच्या दिव्यांवर भागवत.

इन्सलपुढचं कोडं असं होतं. डिसेंबरात शिकागोत साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं, सगळीकडे एकदम दिवे लागतात. त्या दोन-तीन तासांना पुरेल एवढी यंत्रं उभी करावी लागतात. रात्री उशिरा हीच यंत्रं जवळपास रिकामी. वीज तयार केली नाही तर कोळसा वाचतो, पण यंत्रांसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज रात्रीही चालूच राहतं.

आपल्याकडच्या मंगल कार्यालयाची गत हीच असते. हॉल बांधायचा तो लग्नाच्या गर्दीचा अंदाज घेऊन, आणि भरतो मात्र मुहूर्ताच्या दिवशीच. म्हणून तर मुहूर्त नसलेल्या तारखेला कार्यालयाचा मालक भाड्यात घासाघीस करू देतो. जे काही मिळेल ते रिकाम्या हॉलपेक्षा बरं.

इंग्रज अभियंता जॉन हॉपकिन्सन यानं १८९२ मध्येच एका व्याख्यानात हा हिशेब नीट मांडला होता. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक ग्राहकापायी कंपनीला दोन वेगळे खर्च येतात. एक, त्यानं कधीही बटण दाबलं तरी वीज मिळावी म्हणून यंत्रं सज्ज ठेवण्याचा. दुसरा, प्रत्यक्ष वीज तयार करण्याचा. दोन्ही एकाच दरात कोंबले, तर कुणीतरी दुसऱ्याचा खर्च भरत राहतो.

१८९४ मध्ये इन्सल इंग्लंडला गेला होता, तेव्हा त्यानं ब्रायटन हे समुद्रकाठचं गाव पाहिलं. तिथल्या लहानसहान दुकानांतही विजेचे दिवे होते, आणि दुकानं बंद झाल्यावरही ते जळत होते. एवढी उधळपट्टी दुकानदारांना परवडते कशी? चौकशी करता तो तिथल्या वीजकेंद्राचा प्रमुख आर्थर राइट याच्यापर्यंत पोचला. राइटनं एक साधंसं उपकरण बनवलं होतं. काचेची बंद नळी आणि तिच्यात द्रव. तारेतून जितका जास्त प्रवाह जाईल, तितकी नळीच्या एका टोकाची हवा तापून फुगायची आणि द्रव पलीकडे ढकलायची. पलीकडे सांडलेला द्रव परत येत नसे. त्यामुळे ग्राहकानं एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हे नुसत्या नळीकडे पाहून कळायचं. या कमाल मागणीच्या हिशेबानं पहिली काही युनिट महाग, आणि त्यापुढची अगदी स्वस्त. दोन तास दिवा लावणाऱ्यापेक्षा आठ तास लावणाऱ्याचं बिल फारसं वाढत नसे. यंत्रांचा खर्च त्यानं आधीच भरलेला असे.

इन्सलनं ही कल्पना शिकागोला आणली आणि पुढे नेली. संध्याकाळच्या दिव्यांखेरीज आणखी कुणाला वीज विकता येईल, याचा त्यानं ध्यासच घेतला. ट्राम सकाळी आणि संध्याकाळी धावतात. लिफ्ट दिवसा चालतात. बर्फाच्या कारखान्यांना वीज उन्हाळ्यात हवी, म्हणजे दिव्यांचा भार कमी असतो तेव्हाच. एकाचा गर्दीचा तास दुसऱ्याच्या रिकाम्या तासावर बसवायचा. अशी ग्राहकांची मोट बांधून त्यानं दर उतरवत नेले आणि १९०७ मध्ये ‘कॉमनवेल्थ एडिसन’ ही कंपनी उभी राहिली. शिकागोकर आजही तिला ‘कॉमएड’ म्हणतात.

इन्सलचा शेवट मात्र वाईट झाला. त्याचं कंपन्यांवर कंपन्या रचून उभारलेलं साम्राज्य मंदीत, १९३२ मध्ये, कोसळलं. हजारो लहान गुंतवणूकदार बुडाले. तो ग्रीसला पळाला, पकडून आणला गेला, खटल्यातून निर्दोष सुटला आणि १९३८ मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्टेशनात हृदयविकारानं गेला. त्याचा हिशेब मात्र जगभरच्या वीज कंपन्यांनी उचलला.

फक्त तो घराच्या उंबऱ्याशी अडला. कारखान्याला महागडं मीटर बसवणं परवडत होतं. दोन खोल्यांच्या घराला ते परवडेना. घरी आलं ते फिरत्या चकतीचं साधं मीटर, फक्त युनिट मोजणारं. अमेरिकेत कित्येक दशकं घरगुती दराची रीत अशी होती, की जितकी वीज जास्त तितकं पुढचं युनिट स्वस्त. रिकामे तास भरायला हवे होते, म्हणून ‘आणखी वापरा’ हाच सल्ला. इस्त्री आली, फ्रिज आला, शेगडी आली. घड्याळ मागे पडलं.

रात्रीची गरम टाकी

घरातल्या विजेला घड्याळ परत जोडलं ते युरोपनं. फ्रान्सची सरकारी वीज कंपनी ‘ईडीएफ’ १९४६ मध्ये स्थापन झाली. तिथे मार्सेल बोआतो हा तरुण अर्थतज्ज्ञ काम करत होता. १९४९ मध्ये त्यानं गर्दीच्या वेळची वीज कशा भावानं विकावी यावर एक निबंध लिहिला, आणि पुढे तोच या कंपनीचा प्रमुख झाला. १९५० च्या दशकात कारखान्यांसाठी आणि १९६५ पासून घरांसाठी तिथे वेळेनुसार दर आले. दिवसातले आठ तास स्वस्त, बहुतेक करून रात्रीचे.

फ्रेंच लोक यासाठी रात्री जागत बसले का? मुळीच नाही. घरोघरी पाण्याची मोठी टाकी बसवली. स्वस्त तास सुरू झाले की वीज कंपनी तारेतूनच एक सूक्ष्म संकेत पाठवायची, टाकीचा हीटर आपोआप चालू व्हायचा आणि सकाळी अंघोळीला गरम पाणी तयार. माणूस झोपलेला, टाकी कामावर. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी ७’ हा दर आला: रात्रीचे सात तास स्वस्त. तिथे टाकीऐवजी विटा होत्या. भिंतीलगतच्या हीटरमधल्या जड विटा रात्री तापवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब घ्यायची. पुढे लाखो घरांतल्या या हीटरांना चालू-बंदचा संकेत बीबीसी रेडिओच्या लाँग वेव्हवरून जाऊ लागला. बातम्या ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे, की त्याच लहरींवरून शेजारच्या घरातलं बटण दाबलं जातंय.

या दोन्ही योजनांत शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. स्वस्त तासाचा फायदा घ्यायला माणसानं दिनक्रम बदलायची गरज नव्हती. ते काम एखाद्या वस्तूवर सोपवता आलं, तिथेच योजना टिकली.

शिकागोचा उन्हाळा

तोवर शिकागोत एक उलथापालथ झाली होती. इन्सलच्या काळात गर्दीचा तास होता डिसेंबरातल्या संध्याकाळचा. एअर कंडिशनर घराघरांत आल्यावर तो सरकून जुलैतल्या दुपारवर आला. वर्षातले मोजके तापलेले तास, आणि त्या तासांसाठी बाकीचं वर्ष झोपून काढणारी वीजकेंद्रं. मंगल कार्यालय तेच, फक्त मुहूर्त बदलला.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ तारखेला पारा ४१ अंशांपर्यंत गेला. काही भागांत वीज गेली. त्या आठवड्यात एरवीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. त्यांतली बरीचशी म्हातारी होती, एकटी राहणारी होती, गरीब वस्त्यांतली होती. अनेकांकडे एसी नव्हता. काहींकडे होता, पण बिलाच्या धास्तीनं त्यांनी तो लावला नव्हता. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी या मृत्यूंवर अख्खं पुस्तक लिहिलं. विजेच्या दराबद्दल काहीही बोलताना हा आठवडा विसरता येत नाही, कारण महाग तास आणि जीवघेणा तास तिथे एकच होता.

१९९९ च्या उन्हाळ्यातही शहरात वारंवार वीज गेली. अगदी ‘लूप’ या मध्यवर्ती व्यापारी भागातही. यातून शहरातल्या एका जुन्या नागरी संस्थेनं, ‘सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी’नं, रहिवाशांची एक सहकारी संस्था उभी केली: ‘कम्युनिटी एनर्जी कोऑपरेटिव्ह’. त्यांचं म्हणणं साधं होतं. गर्दीच्या तासाला लोकांनी थोडी वीज कमी वापरली, तर नवी यंत्रं आणि जाडजूड तारा लागणारच नाहीत. मग त्या वाचलेल्या पैशांतला वाटा लोकांना का मिळू नये?

यामागचा विचार तयारच होता. एमआयटीचे प्राध्यापक फ्रेड श्वेपी आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सांगत होते, की विजेचा भाव तासातासाला बदलता ठेवा आणि तो थेट ग्राहकापर्यंत पोचू द्या. १९८८ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. पण तेव्हा घरोघर भाव पोचवायचा कसा, हाच प्रश्न होता. २००३ पर्यंत इंटरनेट आलेलं होतं.

त्या वर्षी या सहकारी संस्थेनं कॉमएडच्या साथीनं शिकागोतल्या काहीशे घरांवर प्रयोग सुरू केला. तासाचा घाऊक भाव तोच घरचा भाव. उद्या दुपारी भाव युनिटला १० सेंटच्या वर जाणार असेल, तर आदल्या दिवशी फोन किंवा ई-मेल यायचा. भाव कितीही भडकला तरी ग्राहकाला ५० सेंटांपेक्षा जास्त लावायचा नाही, अशी तटबंदीही होती. पुढे काही घरांत भावाप्रमाणे रंग बदलणारा एक काचेचा गोळा दिला गेला. निळा म्हणजे स्वस्त, लाल म्हणजे महाग. येता-जाता त्याच्याकडे पाहिलं की वॉशिंग मशीन आत्ता लावायचं की नंतर, हे ठरवता यायचं.

प्रयोग चालला. २००६ मध्ये इलिनॉय राज्यानं कायदाच केला, की मोठ्या वीज कंपन्यांनी घरगुती ग्राहकाला तासाच्या भावाचा पर्याय दिलाच पाहिजे. २००७ पासून कॉमएडच्या कोणत्याही घरगुती ग्राहकाला तो घेता येऊ लागला. राइटच्या काचेच्या नळीपासून शिकागोच्या काचेच्या गोळ्यापर्यंत यायला एकशे दहा वर्षं लागली.

पैसे नक्की कशात वाचतात?

तासाच्या भावानं बिल कमी का व्हावं, हे समजून घ्यायला ठरावीक दर म्हणजे काय ते पाहावं लागतं. ठरावीक दरात विजेच्या किमतीबरोबर एक विम्याचा हप्ता दडलेला असतो. बाजारात भाव कितीही उसळला तरी तुम्हाला तोच दर लावायचा, ही जोखीम कंपनी घेते आणि तिची किंमत दरात मिसळते. तासाचा भाव घेणारा हा विमा नाकारतो. वर्षातले बहुतेक तास स्वस्तच असल्यामुळे त्याचं सहसा भलं होतं.

शिवाय शेजाऱ्याचा हिशेब असतो. समजा एका मजल्यावर दोन घरं आहेत, दोघांचीही महिन्याला ३०० युनिट. एकाची वीज दिवस-रात्र सारखी जाते, दुसऱ्याची सगळी संध्याकाळच्या चार तासांत. दुसऱ्याला वीज पुरवणं महाग पडतं, पण बिल दोघांना सारखंच येतं. म्हणजे पहिला नकळत दुसऱ्याचा भार उचलतो. तासाचा भाव लागू झाला, की पहिल्याचं बिल त्यानं काहीही न करता उतरतं. हॉपकिन्सन १८९२ मध्ये हेच सांगत होता.

मग उरतं ते आपल्या हातातलं. शिकागोत भाव दर पाच मिनिटांनी ठरतो आणि तासातल्या बारा भावांची सरासरी घराला लागते. रात्री भाव पार खाली येतो. इलिनॉयची अर्ध्याहून अधिक वीज अणुकेंद्रांतून येते, ती रात्री सहजी बंद करता येत नाहीत, त्यात वाऱ्याची वीज येऊन मिळते. त्यामुळे कधी कधी भाव चक्क शून्याखाली जातो. जाणकार गिऱ्हाईक अशा वेळी गाडी चार्ज करतो. उन्हाळ्यात सकाळी घर थोडं जास्त गार करून घेतो आणि दुपारी एसीचा आकडा दोन अंश वर नेतो. फोन चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या मागे लागत नाही, कारण त्यांत वाचण्यासारखं काही नसतं. फ्रिज तर हलवताच येत नाही. पैसे वाचतात ते गरम करणाऱ्या, गार करणाऱ्या आणि चार्ज होणाऱ्या वस्तूंत.

आणखी एक बारकावा आहे, आणि तोच बरेच जण विसरतात. तिथे बिलावर ‘क्षमता आकार’ असतो. उन्हाळ्यातल्या सगळ्यात गर्दीच्या मोजक्या तासांत तुमच्या घरानं किती वीज ओढली, त्यावर पुढचं वर्षभर हा आकार लागतो. म्हणजे चार-पाच तापलेल्या दुपारी केलेली बेफिकिरी बारा महिने भरावी लागते. कॉमएड ज्या विभागीय ग्रिडला जोडलेली आहे, तिथे २०२५-२६ साठीच्या लिलावात या क्षमतेचा भाव आदल्या वर्षीच्या मेगावॉटला दिवसाकाठी सुमारे २९ डॉलरवरून जवळपास २७० डॉलरवर गेला. नवी डेटा सेंटरं हे त्यामागचं एक ठळक कारण. त्यामुळे तासाचा भाव कायम स्वस्तच पडतो, असं शिकागोतही कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

विमा नाकारला तेव्हा

तटबंदी नसली तर काय होतं, ते टेक्सासनं दाखवलं. तिथे ‘ग्रिडी’ नावाची कंपनी महिन्याला दहा डॉलरच्या आसपास फी घेऊन घाऊक भावानं वीज द्यायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर बर्फाचं वादळ आलं. गॅसच्या पाइपलाइनी गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली आणि नियामकांनी घाऊक भाव युनिटला ९ डॉलर या कमाल पातळीवर नेऊन ठेवला. तो तिथेच काही दिवस राहिला. घर गरम ठेवल्याबद्दल लोकांना हजारो डॉलरची बिलं आली. महिन्याभरात कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. त्या वादळात सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं दगावली. त्याच वर्षी टेक्सासनं घरगुती ग्राहकाला थेट घाऊक भावानं वीज विकण्यावर बंदी घातली. ठरावीक दरवाले सुटले असंही नाही. वादळाचा खर्च कर्जरोख्यांत घालून वर्षानुवर्षं सगळ्यांच्याच बिलातून वसूल व्हायचा होता.

स्पेनमध्ये गोष्ट इतकी भयंकर नव्हती, पण बोलकी होती. १ जून २०२१ पासून तिथे दिवसाचे तीन भाग करून नवे दर आले. स्वस्त वेळ म्हणजे मध्यरात्र ते सकाळी आठ. लगेच देशभर वाद पेटला: आता इस्त्री मध्यरात्री करायची का? आणि ती करायची कुणी? ज्या घरात कपडे धुणं आणि इस्त्री बाईच्या अंगावर असते, तिथे दर बदलला की झोपमोड तिची होते. बिलावर बचत दिसते, झोप दिसत नाही.

आपल्याकडचं घड्याळ

मराठी माणसाला ठरावीक वेळेची सवय आहे. कित्येक गावांत नळाला पाणी पहाटे चारला येतं आणि घर चारला उठतं. विजेचंही तसंच. कोयनेच्या पाण्यातून पश्चिमेकडे वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीचीच मुभा आहे, म्हणून तिथली जनित्रं प्रामुख्यानं गर्दीच्या तासांत फिरवली जातात. १९६० मेगावॉटचा हा प्रकल्प म्हणजे राज्याची संध्याकाळची राखीव पुंजी. हा तासाचाच हिशेब आहे, फक्त तो घरापर्यंत भाव म्हणून आला नाही. तो भारनियमन म्हणून आला.

२००५ च्या सुमारास भारनियमन ऐन भरात होतं, तेव्हा महावितरणनं ‘अक्षय प्रकाश योजना’ आणली. गावानं संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोटारी, शेगड्या, हीटर लावायचे नाहीत असं एकमतानं ठरवायचं. त्या बदल्यात गावातले दिवे त्या वेळी जायचे नाहीत. कुणी आकडा टाकून मोटार चालवली तर गावच त्याला हटकायचं. शिकागोतल्या सहकारी संस्थेनं जे डॉलर देऊन घडवलं, ते इथे दिव्याच्या मोबदल्यात आणि चारचौघांच्या धाकानं घडत होतं.

शेतकऱ्याचा अनुभव याहून कडू आहे. शेतीपंपाला वीज ठरावीक तास आणि आळीपाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. ग्रिडच्या दृष्टीनं रात्रीचा पंप ही इन्सलला आवडली असती अशी गोष्ट. रिकामा तास भरला गेला. पण त्यासाठी माणूस बॅटरी घेऊन ओल्या सरीतून चालत असतो, साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या धास्तीत. फ्रान्समध्ये रात्री टाकी जागायची. इथे शेतकरी जागतो. ही किंमत कुठल्याच दरपत्रकात नसते.

आता सौर विजेनं हिशेब पुन्हा उलटवलाय. भरपूर वीज कधी? तर भर दुपारी. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यावरच उभी आहे: पंपाला दिवसा वीज द्यायची. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये नियम केले, की उन्हाच्या तासांचा दर कमी आणि गर्दीच्या तासांचा जास्त असावा. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून, स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. फ्रान्सनंही आपले काही स्वस्त तास रात्रीतून काढून दुपारी न्यायला सुरुवात केली आहे.

यात आपल्या घरी किती सुटतात? हिशेब सोपा आहे. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट. इलेक्ट्रिक स्कूटर पूर्ण चार्ज करायला तीनेक युनिट. यांतली रोज तीन युनिट रात्रीतून दुपारी हलवता आली, तर महिन्याला ९० युनिट, म्हणजे ८० पैशांनी ७२ रुपये. खोटं कशाला बोला, यात कुणी श्रीमंत होत नाही. तरीही दिवसा घरी कुणी असेल, घरून काम चालत असेल, स्कूटर दुपारी दारात उभी असेल, तर हे ७२ रुपये काही न करता सुटतात. आणि जो माणूस साडेआठला लोकल पकडतो आणि रात्री आठला परततो, त्याच्या हातात स्वस्त तास येतच नाही. त्याचा गीझर सकाळी सातलाच लागणार.

म्हणून बिलात सवलत दिसली की दोन प्रश्न विचारावेत. पहिला घरापुरता: माझ्या कोणत्या वस्तूला वाट पाहता येते? मशीनला टायमर असेल, चार्जरला वेळ लावता येत असेल, तर काम तिच्यावर सोपवावं. घरातल्या बाईला किंवा आजीला ‘दुपारी बाराला मशीन लावायची आठवण ठेव’ असं सांगून ही बचत होणार असेल, तर ती कुणाच्या श्रमातून आली हे निदान मान्य करावं. दुसरा प्रश्न चार घरं मिळून विचारण्याचा: महाग तासाला वरची मर्यादा कुठे आहे, आणि ज्याला तो तास टाळताच येत नाही त्याचं काय? आजारी माणसाच्या उशाशी चालणारं ऑक्सिजनचं यंत्र संध्याकाळी सात वाजता थांबत नाही. शिकागोच्या सहकारी संस्थेनं ५० सेंटांची तटबंदी पहिल्या वर्षीच बांधली होती. टेक्सासनं माणसं दगावल्यावर कायदा केला.

आपल्याकडे आज घरांना सवलतीचे तास दाखवले जाताहेत. ज्या मीटरला स्वस्त तास कळतो, त्याला महाग तासही कळतो. दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावावर महाराष्ट्र वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि तिथे कुणाही ग्राहकाला लेखी हरकत नोंदवता येते. तिथे बहुतेक वेळा उद्योगांचे प्रतिनिधी आणि मोजके ग्राहक कार्यकर्ते दिसतात. साडेआठची लोकल पकडणाऱ्याची हरकतही तिथे जायला हवी.